हाताने फिरवायचा अँटेना ट्यूनर : घेण्याआधी आणि घेतल्यावर

हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मित्रहो, नमस्कार.

तीन नॉब आणि क्रॉस काट्याचा मीटर असलेला हा साधा ट्यूनर आम्ही नागपुरातल्या सीताबर्डीच्या आमच्या दुकानातच जुळवतो आणि तिथेच विकतो. आधी पेटीसोबत एक चिठ्ठी द्यायचो, मागचं कोणतं सॉकेट कशाचं एवढंच तिच्यात असायचं. ती पुरत नाही हे गिऱ्हाइकांनी आम्हाला शिकवलं. कोणी जळका डाग पडलेली गँग (पत्र्यांचा फिरता कंडेन्सर) घेऊन आलं, कोणी "दादा, काटा खाली येऊनच नाही राहिला ना" म्हणत दारातूनच सुरुवात केली. एकजण तर वीस मीटरच्या बँडवर (१४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर) युरोपातलं पहिलं स्टेशन मिळालं म्हणून संत्रा बर्फी घेऊन आले. त्या सगळ्यांचे अनुभव आणि आमच्या टेबलावर उघडलेले ट्यूनर, यांतून हे पत्रक तयार झालं आहे. पेटी उघडण्याआधी एकदा वाचाच.

ट्यूनर नक्की काय करतो

तुमच्या संचाला, म्हणजे रेडिओला, समोर ५० ओहम (इंपिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा) हवे असतात. अँटेना आणि केबल मिळून तेवढे दिसले नाहीत, की पाठवलेल्या पॉवरचा काही भाग उलटा येतो. एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) २ असेल तर सुमारे ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के आणि ५ असेल तर ४४ टक्के. हल्लीचे तयार संच हे ओळखून आपणहून पॉवर उतरवतात, म्हणून "माझा १०० वॅटचा सेट २० वॅटच देतो" अशी तक्रार येते. घरी जुळवलेल्या संचांना हे संरक्षण बहुधा नसतं. हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या आराखड्यावरचे बिटएक्स संच आपल्याकडे अनेकांनी हौसेने बनवले आहेत. बिटएक्स ४० मध्ये शेवटी एकटा आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टर बसलेला असतो. तो खराब अँटेनावर जोरात चालवून उडवलेले नवशिके आमच्याकडे येतात, तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

ट्यूनर संचाला ५० ओहम दाखवतो. गच्चीवरची तार मात्र होती तशीच राहते, आणि ट्यूनरपासून तारेपर्यंतच्या केबलमध्येही एसडब्ल्यूआर जेवढा होता तेवढाच राहतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

म्हणून ट्यूनर मागायला आलेल्याला आम्ही आधी विचारतो, तार किती फूट आहे? चाळीस मीटरच्या डायपोलला (मध्यावर केबल जोडलेल्या दोन बाजूंच्या तारेला) ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधारण ६६ फूट तार लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना ३३-३३. फुटांचं माप काढायला ४६८ ला मेगाहर्ट्झने भागायचं. तारेची उंची आणि शेजारची पाण्याची टाकी यांमुळे थोडा फरक पडतो, म्हणून सुरुवातीला फूटभर जास्त ठेवून कापत यावं. इतकं नीट केलं तर आपल्या ७.० ते ७.२ च्या पट्ट्यात बहुधा ट्यूनर लागतच नाही. अशा कितीतरी जणांना आम्ही ट्यूनर न देता टेप आणि पक्कड हातात देऊन गच्चीवर परत पाठवलं आहे, पुढेही पाठवू.

एकच डायपोल, बाकीचे बँड

इथे लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर.

चाळीस मीटरचा डायपोल २१ मेगाहर्ट्झवर, म्हणजे पंधरा मीटरवर, बराचसा आपोआप चालतो, कारण तिथे तो दीड तरंगलांबीचा होतो आणि मध्यावरचा इंपिडन्स पुन्हा आवाक्यात येतो. उरलेली कसर ट्यूनर सहज भरून काढतो. तोच डायपोल १४ मेगाहर्ट्झवर लावला की मध्यावर काही हजार ओहम दिसतात. ट्यूनर तिथेही कधी कधी काटा खाली आणून दाखवतो. धरमपेठेतल्या एका काकांनी तसंच केलं. काटा १ वर, संच खूश, दोन आठवडे हाका मारल्या आणि उत्तर एकही नाही. पॉवर पातळ कोॲक्सच्या (जाळीच्या गोल केबलच्या) आतच उष्णता होऊन संपत होती. त्यांना १४.२ साठी ३३ फुटांचा दुसरा डायपोल त्याच केबलला, पण वेगळ्या दिशेने ताणून लावायला सांगितला. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

एकाच तारेवर सगळे बँड हवे असतील तर कोॲक्सऐवजी समांतर तारांची फीडर लाइन वापरा आणि ट्यूनरमागच्या बॅलन्स्ड खुंट्यांना जोडा. अशा लाइनमध्ये एसडब्ल्यूआर जास्त असला तरी नुकसान थोडंच होतं. आतला बॅलन (समांतर लाइन ट्यूनरशी जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) लहान आहे. तो हाताला कोमट लागला तर चालेल, पण बोट ठेववत नसेल तर पॉवर कमी करा आणि लाइनची लांबी चार-सहा फुटांनी बदलून पाहा.

जागा कमी असलेले फ्लॅटवाले एका टोकाने जोडलेली लांब तार लावतात. त्यांनी एवढं पाहावं की वापरायच्या कुठल्याही बँडवर तिची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या किंवा तिच्या पटीच्या जवळ येत नाही ना. ४१ किंवा ५८ फूट ही मापं म्हणूनच रूढ झाली आहेत. आणि अशा तारेला काउंटरपॉइज (जमिनीच्या बाजूने जोडायची दुसरी तार) हवाच. तो नसला तर डब्याचा पत्राच अँटेनाचं काम करू लागतो आणि नॉबला हात लावला की बोटाला चटका बसतो. चाळीस मीटरसाठी ३३ फुटांची साधी वायर मागच्या अर्थच्या खुंटीला लावून भिंतीच्या कडेने सोडली, तरी चटका जातो.

नॉब कसे फिरवायचे

आत टी नेटवर्क आहे : दोन गँग मालिकेत आणि त्यांच्या मधून जमिनीकडे जाणारी कॉइल. डावीकडची गँग संचाची, उजवीकडची अँटेनाची, मध्ये कॉइलचा बारा जागांचा स्विच. गँगच्या डायलवर १० म्हणजे पत्रे पूर्ण एकमेकांत, कपॅसिटी सर्वांत जास्त. स्विचच्या १ वर सगळी कॉइल, १२ वर सर्वांत कमी.

दोन्ही गँग मधोमध ठेवा. संच फक्त ऐकण्यावर असताना स्विच एकेक घर फिरवा आणि कानाला जिथे खरखर सर्वांत मोठी वाटेल तिथे थांबा. मग दोन्ही गँगनी ती आणखी वाढवा. इतकं झाल्यावर मोकळी फ्रीक्वेन्सी शोधा, ती कोणी वापरत नाही ना हे विचारा, आपला कॉल साइन (परवान्यावरचा संकेत) सांगा, आणि ५ ते १० वॅटचा कॅरियर (आवाजाविना नुसती लहर) द्या. मीटर खालच्या रेंजवर ठेवा. आता फक्त गँग फिरवायच्या, आधी अँटेनाची, मग संचाची, पुन्हा अँटेनाची. पॉवर चालू असताना स्विचला हात लावू नका. पॉवर वाहत असताना संपर्क तुटला की ठिणगी पडते, आणि दुरुस्तीला येणाऱ्या स्विचपैकी बहुतेक असेच जळलेले असतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. या जोडणीत एकाच बँडवर काटा १ ला आणणाऱ्या जागा एकाहून जास्त सापडतात, पण त्या सारख्या नसतात. कॉइल जितकी कमी आणि गँग जितक्या भरलेल्या, तितकी पॉवर बाहेर जास्त जाते. म्हणून पहिली जागा मिळाली की समाधान मानू नका. कॅरियर बंद करून स्विच एक घर १२ कडे न्या, गँग १० कडे वाढवत पुन्हा जुळवा. जुळलं तर आणखी एक घर. जिथे जुळणं बंद होईल त्याच्या आधीचं घर तुमचं.

कामठीच्या एका गिऱ्हाइकाने ऐंशी मीटरवर आखूड तार लावून पहिल्या मिळालेल्या जागेवरच तास-दीड तास गप्पा मारल्या. डबा आमच्याकडे आला तेव्हा कॉइलला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या वितळून मेणबत्तीसारख्या वाकल्या होत्या. खालचे बँड आणि आखूड तार ही या जोडणीची सर्वांत अवघड परीक्षा. तिथे तार लांब करण्याला पर्याय नाही.

मिळालेले तिन्ही आकडे बँडप्रमाणे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी दहा सेकंदांत जुळेल आणि दुसऱ्यांच्या गप्पांत तुमच्या कॅरियरची शिट्टीही वाजणार नाही.

हा ट्यूनर एसएसबीवर (बोलण्याच्या मोडवर) २०० वॅटपर्यंत वापरायचा. एफटी ८ (कॉम्प्युटरवरून संदेश पाठवायचा प्रकार) सारख्या सलग चालणाऱ्या मोडवर १०० च्या वर जाऊ नका. रिस्ट्रिक्टेड परवाना असणाऱ्यांची मर्यादा ५० वॅटच असल्याने त्यांना ही काळजी नाही. बँड १.८ ते ३० मेगाहर्ट्झ. दोन मीटर बँडचा हँडी (हातातला रेडिओ) याला जोडू नका.

नागपूरचा उन्हाळा, नागपूरचा पाऊस

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत. त्या दिवसांत मीटरचा काटा मध्येच अडकल्याची तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा मीटर बिघडलेला नसतो. कोरड्या फडक्याने काच पुसली की तिच्या प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि काट्याला ओढून धरते. फडका किंचित ओला करून हलक्या हाताने फिरवा, काटा जागेवर येतो. स्क्रू खोलायची गरज नाही.

कूलर हा दुसरा त्रास. कानाने जुळवताना कूलरच्या मोटरची आणि रेग्युलेटरची खरखर विजेच्या लाइनमधून संचात शिरते आणि नॉब कुठेही फिरवला तरी सारखीच राहते. जुळवण्यापुरता दोन मिनिटं कूलर बंद ठेवा.

आपली काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला उत्तम. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि रॉड मातीपासून सुटतो. एप्रिलपासून त्या खड्ड्यात दर दोन दिवसांनी बादलीभर पाणी ओतत जा.

धुळीचं मात्र मनावर घ्या. गँगच्या पत्र्यांमध्ये धूळ बसली, की एरवी तग धरणाऱ्या फटीतही ठिणगी पडते. आधी बारीक फुसफुस ऐकू येते, मीटरचा काटा थरथरतो. तिथेच पॉवर बंद करा. न थांबल्यास काय होतं ते आम्ही पाहिलं आहे : पत्र्याच्या कडेला मोहरीएवढा काळा डाग, त्याला हात लावला की खरखरीत, आणि मग दर वेळी ठिणगी त्याच जागी. तो डाग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून मऊ ब्रशने कण झाडले तर गँग वाचते. महिन्यातून एकदा झाकण काढून ब्रश फिरवा आणि वापर नसताना डब्यावर कापड टाका.

पावसाची एक गोष्ट प्रत्येकाला सांगावीशी वाटते. मनीषनगरचे एक गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये आनंदाने सांगत आले, "एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला, आता ट्यूनर बायपासवरच ठेवतो." आम्ही लगेच केबल काढून आणायला सांगितली. गच्चीवरच्या जोडाला टेप नव्हती. आतली जाळी चार फुटांपर्यंत हिरवी-काळी पडली होती, पिळली तर पाणी यावं इतकी ओली. ओली केबल जाताना पॉवर खाते आणि परत येणारीही खाते, त्यामुळे मीटरला परतावा कमी दिसतो. काही न करता एसडब्ल्यूआर सुधारला तर आनंद मानण्याआधी केबल तपासा. गच्चीवरच्या जोडावर सेल्फ ॲमलगमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप), वर साधी टेप, आणि जोडाच्या खाली केबलला एक वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

जूनच्या आधीची वादळं आली की केबल ट्यूनरमधून काढून खिडकीबाहेर ठेवा. ट्यूनर विजेपासून वाचवत नाही. अँटेनाच्या वाटेत गँग असल्याने तारेवर साचलेली स्थिर वीजसुद्धा त्यातून जमिनीत उतरत नाही. संक्रांतीनंतर गच्चीवर एक चक्कर मारा. नायलॉनचा मांजा तारेत अडकून राहिलेला असतो आणि मधल्या जोडाला ताण देत असतो.

आमच्याकडे काय होईल

नॉबचा ग्रब स्क्रू सैल होऊन आकडे सरकणं, मीटर कमी-जास्त दाखवणं, सॉकेट हलणं, हे आम्ही पैसे न घेता तुमच्यासमोर बसून करून देतो. मीटरचं कॅलिब्रेशन ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर) तपासतो. जळलेला स्विच किंवा गँग असेल तर सुट्या भागाचे पैसे पडतील आणि जुना भाग तुम्हाला परत मिळेल. येताना ट्यूनरसोबत आकड्यांची वही, तारेचं माप आणि केबल किती फूट व कोणती, हे लिहून आणा. जमल्यास ट्यूनर आणि संच जोडणारी छोटी केबलही आणा, कारण दोष कितीदा तिच्या पीएल २५९ प्लगच्या कच्च्या सोल्डरिंगमध्येच सापडतो. रविवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी संध्याकाळी पाचनंतर आलात तर टेबल मोकळं असतं.

७३ (हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा)