दहा रुपयांच्या नाण्याएवढं भोक

चतुर्थीची पहाट. चिपळूणजवळच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातला एकच दिवा, बाहेर पावसाची झड, आणि आजी पाटावर बसून उकडीच्या पारीला कळ्या पाडतेय. कॅमेरा हातात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मी पंचवीस-तीस फोटो काढले. उजाडल्यावर लॅपटॉपवर मोठे करून बघितले, तर मागच्या फळीवरच्या पितळी डब्यांच्या कडा लख्ख आणि आजीची बोटं मात्र पुसट, धुरासारखी. जे टिपायचं होतं तेच निसटलं होतं.

प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा त्याची नोंद ठेवतो. त्या फोटोच्या नोंदीत होतं: ५५ मिमी, एफ/५.६, आयएसओ ३२०० (पोचलेल्या प्रकाशाचा संकेत किती वाढवायचा तो आकडा), शटर १/१३ सेकंद. दुसरी लेन्स कोणती घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांना स्वतःच्या फसलेल्या फोटोंच्या या नोंदी वाचायला सांगते. पहिली लेन्स नेमकी कुठे कमी पडतेय ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक जण दुकानात जातात ते ‘अजून लांबचं दिसेल अशी द्या’ म्हणत. मला मात्र ज्या ज्या नवशिक्यांचे फोटो बघायला मिळाले, त्यांत लांब पोचता आलं नाही म्हणून फसलेले थोडे आणि प्रकाश पुरला नाही म्हणून फसलेले पुष्कळ होते.

कॅमेऱ्यासोबत मिळते ती किट लेन्स साधारणपणे १८-५५ मिमीची झूम असते (मिमीचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं). ती वाईट नसते. माझ्या हाताचा कंप तिच्यातल्या स्थिरीकरणाने सावरला, म्हणून तर डबे लख्ख आले. पण आजीची बोटं थांबवणं स्थिरीकरणाच्या हातात नाही. हलणारी गोष्ट गोठवायची तर शटर लवकर मिटायला हवं, आणि शटर लवकर मिटलं तर तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश आत यायला हवा. तो येतो लेन्सच्या भोकातून, म्हणजे ॲपर्चरमधून.

लेन्सवर लिहिलेला एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. शाळेत शिकलेलं भिंगाचं नाभीय अंतर घ्या, त्याला या आकड्याने भागा, की भोकाचा व्यास मिळतो. ५५ ला ५.६ ने भागलं तर जवळपास १० मिमी, शर्टाच्या बटणाएवढं. ५० मिमी एफ/१.८ लेन्स घेतली तर ५० भागिले १.८, जवळपास २८ मिमी. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं. एक बटण आणि एक नाणं शेजारी ठेवून बघा. दुसऱ्या लेन्सबद्दलचं अर्धं म्हणणं तिथेच कळतं. एफचे आकडे २, २.८, ४, ५.६ असे विचित्र वाटतात त्याचं कारणही क्षेत्रफळातच आहे. दर पायरीला आकडा २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने गुणला जातो, आणि प्रकाश बरोबर निम्मा होतो.

एफ/५.६ वरून एफ/१.८ वर आलं की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश पडतो. त्याच दिव्याखाली, त्याच आयएसओवर १/१३ चं शटर १/१२५ होतं. कळ्या पाडणारी बोटं तेवढ्याने थांबतात.

मग आयएसओच वाढवलं तर? वाढवा, पण त्याने प्रकाश वाढत नाही. जेवढा पोचला त्याचाच संकेत मोठा केला जातो. प्रकाश कणाकणाने येतो, झिमझिम पावसासारखा. अंगणात सारख्या वाट्या मांडल्या आणि थोडा वेळच पाऊस पडला, तर एका वाटीत ९० थेंब, शेजारच्या वाटीत १०८, असं होतं. हा चढउतार साधारण थेंबांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. शंभर थेंबांना दहाचा, म्हणजे दहा टक्के. हजार थेंबांना बत्तीसचा, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. सेन्सरवरचे ठिपके म्हणजे या वाट्या. अंधारातल्या फोटोत गालावर जी रेती दिसते तिचा मोठा भाग कॅमेऱ्याचा दोष नसतो, तो प्रकाशाचा स्वभाव असतो. दहापट प्रकाश आत घेतला की रेती तिपटीने कमी होते, आणि ते काम भोक मोठं करूनच होतं.

मोठ्या भोकाची ही गरज फोटोग्राफीएवढीच जुनी आहे. १८३९ साली लुई दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हाच्या लेन्स इतक्या मंद होत्या, एफ/१५ च्या आसपास, की माणसाचा चेहरा टिपायचा तर त्याला मिनिटंच्या मिनिटं निश्चल बसावं लागे. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सव्हाल यांनी हा प्रश्न हाती घेतला. तोपर्यंत भिंगं घासून, लावून, बघून सुधारली जात. पेट्सव्हाल यांनी लेन्स आधी कागदावर आकडेमोडीने उभी केली. आकडेमोड इतकी प्रचंड होती की ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातले आर्चड्यूक लुडविग यांनी त्यांना तोफखान्यातले सैनिक मदतीला दिले. तोफेच्या गोळ्याचा मार्ग काढणाऱ्या त्या माणसांचं गणित पक्कं होतं. १८४० साली तयार झालेली ती लेन्स सुमारे एफ/३.६ ची होती, आधीच्यापेक्षा सोळा-सतरा पट प्रकाश घेणारी. चित्राचा मध्य सुरेख, कडा मात्र भोवऱ्यासारख्या वळलेल्या. मोठं भोक आणि स्वच्छ कडा यांचा झगडा तेव्हापासून चालू आहे.

त्यावर आज आपण वापरतो तो तोडगा १८९६ चा. त्साइस या जर्मन लेन्स कंपनीतल्या पाउल रुडोल्फ यांनी मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना जवळपास एकसारखे भिंगांचे गट ठेवले, आरशात बघावं तसे. पुढच्या गटाने रेषा वाकवली किंवा रंग सरकवले, की मागचा गट तेवढंच उलट करून ते बऱ्याच अंशी सावरतो. प्लानार नावाच्या या लेन्समध्ये हवेला भिडणारे काचेचे आठ पृष्ठभाग होते आणि साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. ०.९६ ला आठ वेळा गुणलं तर उरतो ७२ टक्के; बाकीच्यातला काही आतच भटकून चित्रावर धुकं आणतो. १९३५ साली त्साइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा पातळ लेप शोधला आणि या रचनेचं खरं मोल कळलं. लेन्स समोर धरून तिरकी केली की जांभळी-हिरवी झाक दिसते, ती याच लेपांची.

५० मिमी एफ/१.८ लेन्स एवढं मोठं भोक असूनही स्वस्त मिळते; ती का, याचं उत्तरही इथेच आहे. रचना जुनी आणि पक्की, भिंगं सहा-सात. शिवाय आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात लेन्सची बैठक आणि सेन्सर यांच्यात साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास जागा सोडावी लागते, आणि ५० मिमीची लेन्स तेवढ्या अंतरात सहज बसते. २४ मिमीच्या लेन्सला मात्र तेवढ्या लांबून चित्र पाडण्यासाठी जास्तीची भिंगं घालावी लागतात.

तर ५० मिमी घेऊन टाकावी? थांबा, आधी घरातली खोली मोजा. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो (कॅननचा किंचित लहान). कॅमेरा उभा धरून माणूस नखशिखान्त घ्यायचा, वर-खाली थोडी मोकळी जागा धरून १९० सेंमी, तर ५० मिमीच्या लेन्सने चार मीटर मागे जावं लागतं. दहा बाय दहाची खोली तीन मीटरची! भिंतीला पाठ टेकली तरी पाय कापले जाणार. ३५ मिमीच्या लेन्सला २.८ मीटर पुरतात, म्हणजे तोच माणूस त्याच खोलीत जेमतेम मावतो. पुढच्या चतुर्थीला मी उसनी ५० मिमी घेऊन गेले होते. आजी आणि मोदकांचं ताट एकत्र घ्यायला मला मागच्या दारातून पडवीत, पागोळ्यांखाली उभं राहावं लागलं. फोटो सुंदर आला, पारीच्या कडेची पिठाची चिमूट न् चिमूट दिसते. पण घरात राहून फोटो काढायचे तर माझी लेन्स ३५ मिमीची, हे त्या दिवशी नक्की झालं.

हे पैसे न घालवताही कळू शकतं. किट लेन्सची झूमची कडी ३५ वर फिरवा आणि वर चिकटपट्टी लावून टाका. आठवडाभर तशीच वापरा. पुढचा आठवडा ५० वर. कुठल्या आठवड्यात तुमचे पाय सारखे भिंतीला टेकत होते ते लक्षात राहतंच. झूम नसण्याची भीती बाळगू नका. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला वापरत त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याला लेन्स बदलायचीही सोय नव्हती. पुढे-मागे होणं हाच तिथला झूम.

मोठं भोक आपली किंमतही घेतं. ५० मिमी, एफ/१.८ आणि सव्वा मीटरवरचा चेहरा: फोकसमध्ये राहणारी जाडी उणीपुरी चार सेंटिमीटर. एक डोळा स्वच्छ, कान विरघळलेला. सुरुवातीला हे इतकं आवडतं की प्रत्येक फोटो तसाच काढला जातो आणि दोघा भावंडांतला एक कायम धूसर राहतो. दोन माणसं असली की एफ/४ वर या, हा माझा आग्रह आहे.

पण तुमच्या नोंदींमध्ये सगळे फोटो भर उन्हातले, १/१००० चे आणि ५५ मिमीला टेकलेले निघाले, तर तुमचं दुखणं वेगळं आहे. भिगवणला होडीतून साठ मीटरवरचा, १२० सेंमी उंचीचा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ५५ मिमीच्या लेन्सने सेन्सरवर जेमतेम १.१ मिमी उंच पडतो. २५० मिमीने तो ५ मिमी होतो, चौकटीच्या उंचीच्या जवळपास एक तृतीयांश. तुम्ही खुशाल ५५-२५० किंवा ७०-३०० घ्या. कासच्या फुलांसाठी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स हवी असेल, तर आधी एक्सटेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी नळी लावून ती हौस किती टिकते ते पाहा. त्या नळीत काचच नसते, म्हणून ती स्वस्त पडते.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट विसरू नका. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नाही. त्यांना जुनी ‘एएफ-डी’ जातीची ५० मिमी बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. त्यांच्यासाठी ‘एएफ-एस’ लिहिलेलीच बघा. ३५ मिमी एफ/१.८ त्यात आहे.

आणि मुंबईत बोरा बाजारात किंवा कुठेही जुनी लेन्स घेणार असाल तर खिशात छोटी टॉर्च ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहते आणि कपाटात बंद पडलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. तिचे धागे वाढताना आम्ल सोडतात आणि तो पातळ लेप कुरतडतात. धागे पुसले तरी लेपावरचे ओरखडे राहतात. माझी किट लेन्स अशीच गेली, कातडी पिशवीत घालून जून ते सप्टेंबर ठेवलेली. आता माझ्याकडच्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात आणि दर रविवारी बाहेर काढून वापरते. दुकानात लेन्सचं भोक पूर्ण उघडायला सांगा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण दिसले तर हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखी एक जरी बारीक रेघ दिसली, तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ती लेन्स तिथेच ठेवा.