टर्कीच्या वसंत शिकारीची बंदूक व काडतुसे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साधारण मार्च ते मे या काळात रानटर्कीच्या (मेलिॲग्रिस गॅलोपॅव्हो) नराची शिकार चालते, तिला वसंत शिकार म्हणतात. हा या पक्ष्याचा विणीचा हंगाम. शिकारी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसतो, लाकडी पेटी, पाटीच्या दगडाची चकती किंवा टाळूला लावायचा पातळ पडदा यांनी मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडे यायला लावतो. पक्षी जमिनीवरून, थबकत थबकत चालत येतो. उडत्या पाखरांसाठी घडवलेली छऱ्याची बंदूक इथे रायफलीसारखी, एका जागी बसून आणि नेम धरून चालवावी लागते. बंदूक व काडतूस निवडतानाचे बहुतेक प्रश्न या उलटापालटीतून निघतात.

पूर्ण वाढलेला नर ७ ते ११ किग्रॅ. भरतो. त्याच्या पंखांची दाट पिसे आणि छातीचे जाड स्नायू छऱ्यांना अडवतात. अंगावर बार बसलेला पक्षी जखमी होऊन झाडीत शिरतो आणि बहुधा हाती लागत नाही. म्हणून नेम फक्त डोके व मान यांवर धरायचा, असा दंडक आहे. हे लक्ष्य अरुंद, त्यातही मेंदू आणि मणका एवढाच भाग जीवघेणा. तिथे एकाच वेळी अनेक छर्रे पोहोचले पाहिजेत आणि प्रत्येकात हाड फोडण्याइतका जोर हवा. शिकाऱ्यांत रूढ असलेला ठोकताळा असा : ज्या अंतरावरून बार टाकायचा त्या अंतरावर १० इंच (२५ सेंमी.) व्यासाच्या वर्तुळात निदान १०० छर्रे लागले पाहिजेत. शिशाच्या छऱ्यांनी ही अट साधारण ४० यार्डांपर्यंत (सु. ३७ मी.) पुरी होते.

शिशाच्या छऱ्यांत ४, ५ आणि ६ हे तीन क्रमांक वापरात आहेत. अमेरिकी पद्धतीत १७ मधून क्रमांक वजा केला की छऱ्याचा व्यास शतांश इंचांत मिळतो. ५ नंबरचा छर्रा ०.१२ इंच, म्हणजे ३ मिमी.हून किंचित जास्त. भारतात रुळलेले ब्रिटिश क्रमांक याहून वेगळे आहेत : ब्रिटिश ५ नंबर म्हणजे जवळजवळ अमेरिकी ६ नंबर. एका औंसात (२८ ग्रॅम) ४ नंबरचे सु. १३५, ५ नंबरचे १७०, तर ६ नंबरचे २२५ छर्रे मावतात. मोठा घ्यावा तर संख्या घटते, लहान घ्यावा तर दूरवर जोर राहत नाही. ५ नंबर हा यातला जुना तोडगा.

हा हिशोब बदलला तो टंगस्टनच्या मिश्रधातूने. शिशाची घनता दर घन सेंमी.ला सु. ११ ग्रॅम, पोलादाची ७.८, बिस्मथच्या छऱ्यांची सु. ९.६, ‘टंगस्टन सुपर शॉट’ ऊर्फ टीएसएसची १८. छर्रा किती आत घुसेल हे ढोबळमानाने घनता आणि व्यास यांच्या गुणाकारावर ठरते. त्यामुळे टीएसएसचा अवघ्या ०.०८ इंचाचा ९ नंबर शिशाच्या ५ नंबरइतका, किंबहुना थोडा जास्तच घुसतो, आणि एका औंसात असे सु. ३६० छर्रे बसतात. आधी हौशी लोक घरी काडतुसे भरून हे प्रयोग करीत होते. मोठ्या कंपन्यांपैकी फेडरलने २०१८ मध्ये अशी तयार काडतुसे बाजारात आणली. किंमत मात्र भारी : एकेका काडतुसाला दहा डॉलर किंवा त्याहून अधिक. हंगामात दोनचारच बार टाकायचे असल्याने शिकारी ती सोसतात.

त्यापूर्वीची स्पर्धा आकाराची होती. १२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद) काडतुसाची लांबी पावणेतीन इंचांवरून तीन इंचांवर गेली होती. १९८८ मध्ये मॉसबर्ग कंपनीच्या ८३५ या बंदुकीबरोबर साडेतीन इंची काडतूस आले. त्यात दोन औंस आणि त्याहून जास्त छर्रे भरता येतात. हलक्या बंदुकीतून असे काडतूस उडवले, तर खांद्याला बसणारा दणका थोराड जनावरांसाठीच्या रायफलींच्या पंगतीला जाऊन बसतो. दणक्याच्या धास्तीने चाप ओढताना अंग आखडते आणि नेम ढळतो; तीन इंचीने मरणारा पक्षी साडेतीन इंचीने चुकतो तो असा. तीन इंची १२ बोअरमध्ये शिशाच्या ५ नंबरचा पावणेदोन औंस भार म्हणजे सु. ३०० छर्रे. आज .४१० बोअरच्या (हे माप थेट इंचांत; नळी २० बोअरहूनही अरुंद) तीन इंची काडतुसात टीएसएसचे ९ नंबरचे सु. २९० छर्रे येतात. पूर्वी मुलांच्या हाती द्यायची म्हणून ओळखली जाणारी ही बंदूक त्यामुळे प्रौढांच्याही खांद्यावर दिसू लागली. मधला मार्ग २० बोअरचा : वजन कमी, दणका सोसवेल असा, आणि दीड औंस टीएसएस भरले तर ५०० हून अधिक छर्रे. नव्याने बंदूक घेणाऱ्याला साडेतीन इंचीचा मोह धरण्याचे आता काही कारण उरलेले नाही. घरात १२ बोअर असेलच, तर तीन इंची काडतूस आणि योग्य चोक यांवर काम भागते.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळण. ‘फुल’ चोकची जुनी व्याख्या अशी की ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात ७० टक्के छर्रे लागावेत. टर्कीसाठीचे चोक याहून घट्ट असतात. १२ बोअरच्या ०.७२९ इंची नळीला ते तोंडाशी ०.६४० ते ०.६७० इंचांवर आणतात. अधिक आवळले म्हणजे अधिक चांगले, असे मात्र नाही. ठरावीक मर्यादेनंतर मऊ शिसे चेपते आणि छर्रे विस्कटतात. टीएसएस अतिशय कठीण असल्याने जुन्या, पक्क्या फुल चोकच्या दुनळीतून ते उडवू नये; त्यासाठी बनवलेला, फिरवून बसवता येणारा चोकच लावावा. काही काडतुसांतला छऱ्यांचा पेला खास तऱ्हेने कापलेला असतो, त्याला छिद्रांचा चोक मानवत नाही. हे खोक्यावरच्या सूचनेत पाहावे.

घट्ट चोकचा तोटा जवळ कळतो. दहा यार्डांवर सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेतून जातात आणि मान डोलावत चालणारा पक्षी सहज चुकतो. नळीच्या टोकावरची एकच माशी (नेम धरायची खूण) इथे पुरत नाही, कारण बसलेल्या अवस्थेत गाल दस्त्यावरून उचलला की बार वर जातो. म्हणून रायफलीसारखी मागची-पुढची माशी किंवा लाल ठिपक्याची दुर्बीण बसवतात. हंगामाआधी २०, ३० आणि ४० यार्डांवर कागद लावून तेच काडतूस उडवायचे, छर्रे मोजायचे, मध्य कुठे पडतो ते पाहायचे. एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याच्या दोन बंदुकाही सारखा पसारा देत नाहीत. टीएसएस ५० यार्डांपलीकडे मारू शकते म्हणून तिथून मारावे का, यावर शिकाऱ्यांत दुमत आहे. अंतराचा अंदाज झाडीत हटकून चुकतो, म्हणून ४० ची शिस्त पाळणारे अधिक शहाणे.

बाकी गोष्टी सोयीच्या. नळी २४ ते २६ इंची असली की फांद्यांत अडकत नाही. रंग मंद हवा, पट्टा हवा. १९५० पासून चालत आलेली रेमिंग्टन ८७० सारखी पंपाची (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची) बंदूक स्वस्त आणि भरवशाची. अर्धस्वयंचलित बंदूक दणका थोडा कमी करते. काडतुसाची लांबी नळीवर कोरलेल्या मापाहून जास्त असता कामा नये. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेले तर ते पुढे सरकून नळीत अडकते. त्यामागे १२ चे काडतूस उडाले की नळी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळी ठेवण्याची रीत त्यासाठीच पडली आहे.

कायद्याचा भाग राज्यागणिक वेगळा. झाडपाल्याच्या नक्षीचे कपडे घालून मादीचा आवाज काढणारा माणूस दुसऱ्या शिकाऱ्याला पक्षी वाटू शकतो आणि असे अपघात झालेले आहेत. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा, निळा हे रंग असल्याने ते अंगावर घालू नयेत असे शिकवले जाते. छऱ्यांच्या आकारावरही मर्यादा आहेत. पेनसिल्व्हेनियात शिशाचा ४ नंबरहून मोठा छर्रा चालत नाही. पाणपक्ष्यांसाठी शिसे १९९१ पासून देशभर बंद आहे, टर्कीसाठी बहुतेक राज्यांत अजून चालते. कॅलिफोर्नियाने मात्र १ जुलै २०१९ पासून सर्वच वन्यजीवांच्या शिकारीत ते बंद केले. .४१० बोअरला पूर्वी मनाई करणाऱ्या राज्यांपैकी काहींनी जड छर्रे आल्यावर ती उठवली.