आशिकागा गाक्को

जपानच्या तोचिगी प्रांतात आशिकागा शहराच्या मधोमध असलेली, कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकवणारी जुनी शाळा. गाक्को म्हणजेच शाळा, त्यामुळे 'आशिकागा गाक्को शाळा' म्हणणं म्हणजे पिवळं पीतांबर. १८७२ मध्ये बंद पडली, १९२१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि आता लोक ती बघायला जातात. 'जपानमधली सगळ्यात जुनी शाळा' अशी ओळख सगळीकडे वाचायला मिळते, पण ती किती जुनी हे तुम्ही कुठलं मत धरता त्यावर आहे.

मतं मुख्यतः चार. पहिलं असं की नवव्या शतकातला कवी आणि दरबारी अधिकारी ओनो नो ताकामुरा याने ती काढली. याला आधार 'कामाकुरा ओझोशी' या बऱ्याच नंतरच्या बखरीचा, तिच्यात ८३९ आणि ८४२ अशी दोन सालं येतात. गोची अशी की ८३८ च्या शेवटी ताकामुराला ओकी बेटावर हद्दपार केलं होतं आणि ८४० मध्ये परत बोलावलं, म्हणजे ८३९ मध्ये तो इकडे शाळा काढत बसणं जरा अवघडच. ८४२ ला मात्र तो खरंच उत्तरेकडच्या मुत्सु प्रांताचा सुभेदार झाला होता आणि तिकडे जायची वाट या भागातूनच, म्हणून हे मत अगदीच उडवून लावता येत नाही. दुसरं मत, जुन्या काळी प्रत्येक प्रांताला एक सरकारी शाळा असायची तिचाच हा अवशेष. पण शिमोत्सुके प्रांताचं (आशिकागा तेव्हा यात यायचं) मुख्यालय आजच्या तोचिगी शहरात होतं, आणि अशा शाळा मुख्यालयाला लागून असायच्या, मग ही इतकी लांब आशिकागाला कशी? तिसरं मत, बाराव्या शतकाच्या शेवटी आशिकागा योशिकाने नावाच्या सरदाराने ती काढली. शेजारचं बान्नाजी देऊळ त्याचंच, पुढे शोगुन म्हणजे जपानचे लष्करी राज्यकर्ते झालेलं आशिकागा घराणं इथलंच, त्यामुळे हे पटायला सोपं जातं, पण थेट कागद नाही.

चौथं मत, उएसुगी नोरिझाने याने ती काढली, आणि इथून पुढे पायाखाली जमीन लागते. हा कांतोचा कान्रेई म्हणजे पूर्व भागाचा मुख्य कारभारी. १४३९ मध्ये त्याने चीनमध्ये सोंग काळात छापलेले ग्रंथ शाळेला दिले आणि कामाकुराच्या एंगाकुजी मठातल्या काइगेन या भिक्षूला पहिला प्रमुख नेमलं. प्रमुखाला शोशु म्हणत, एकूण २३ झाले. नोरिझानेने शाळा काढली की बंद पडलेली परत उभी केली यावर वाद चालूच आहे, बहुतेक जण 'परत उभी केली' असंच लिहितात. जपून बोलायचं तर १४३९ च्या आधीचं सगळं 'म्हणतात' या खात्यात टाकलेलं बरं.

१४४६ च्या नियमांत फक्त चिनी अभिजात ग्रंथ शिकवायचे असं ठरलं, बौद्ध ग्रंथ शिकायचे तर मठात जा. गंमत म्हणजे शिकवणारे झेन भिक्षूच, आणि बाहेरचा विद्यार्थी आला तर त्यालाही शाळेत असेपर्यंत भिक्षू व्हावं लागे. सगळ्यात जास्त मागणी 'यी चिंग'ला, म्हणजे शकुन बघायच्या शास्त्राला, कारण लढाया चालू होत्या आणि सरदारांना मुहूर्त सांगणारा माणूस पदरी हवा असायचा. वैद्यकही शिकवत, मानासे दोसान हा प्रसिद्ध वैद्य इथलाच.

सोळाव्या शतकात सातवा प्रमुख क्यूका याच्या वेळी ३,००० विद्यार्थी होते म्हणतात, आकडा गोल आहे हे लक्षात ठेवावं. याच सुमारास शाळेचं नाव गोव्यापर्यंत पोचलं. फ्रान्सिस झेवियरने, आपल्या गोंयच्या सायबाने, ५ नोव्हेंबर १५४९ ला कागोशिमाहून गोव्यातल्या सोबत्यांना जे पत्र लिहिलं त्यात 'बांदू' इथलं विद्यापीठ जपानमध्ये सगळ्यात मोठं असं आहे. बांदू म्हणजे बांदो, पूर्वेकडचा भाग, आणि हे आशिकागाच असं धरतात. तो स्वतः तिथे कधी गेला नाही, ऐकीव माहिती.

नोरिझानेने दिलेल्या पुस्तकांवर 'हे पुस्तक शाळेच्या उंबरठ्याबाहेर नेऊ नये' असं लिहिलेलं आहे. तरी टोयोटोमी हिदेत्सुगु या बड्या सरदाराने १५९१ च्या सुमारास पुस्तकं आणि नववा प्रमुख सान्यो, दोन्ही उचलून क्योटोला नेले! पुढे शोगुन झालेल्या टोकुगावा इएयासुमुळे पुस्तकं परत आली. आज शाळेतल्या पुस्तकांपैकी, होजो उजिमासा या सरदाराने १५६० मध्ये दिलेला 'वेन शुआन' हा जुन्या चिनी साहित्याचा संग्रह धरून, चार संच, एकूण ७७ खंड, राष्ट्रीय ठेवा आहेत.

एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून, शांतता आली तशी मुहूर्तवाल्यांची गरज संपली आणि शाळा हळूहळू जुन्या पुस्तकांचं घर होऊन बसली.

बघायला गेलं तर तिकीट म्हणून शाळेत 'प्रवेश' मिळाल्याचा दाखला हातात देतात. मग एकामागे एक तीन दरवाजे, शेवटी १६६८ चं कन्फ्यूशियसचं देऊळ, आत त्याची १५३५ ची बसलेली मूर्ती आणि बाजूला ताकामुराची, म्हणजे पहिलं मत देवळात तरी टिकून आहे. गवताने शाकारलेली मोठी इमारत जुनी वाटते पण १९९० मध्ये परत बांधलेली आहे. आवारातल्या एका पाइनच्या झाडाला विद्यार्थी अडलेली अक्षरं चिठ्ठीवर लिहून बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी उच्चार लिहून मिळायचा, क्यूका लिहायचा म्हणे. टांगलेलं एक भांडंही आहे, रिकामं असताना तिरकं, अर्धं भरलं की सरळ, काठोकाठ भरलं की उलटं होऊन सगळं पाणी सांडतं, हे स्वतः करून बघता येतं. २३ नोव्हेंबरला कन्फ्यूशियसची पूजा असते. जेआर रेल्वेच्या आशिकागा स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटं.