गोव्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? आधी आरसीआय, मग सीबीटी

एम.ए. सायकॉलॉजी हातात पडली की बरेच जण चिंताविकारांवरच्या सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणूक बदलत करायच्या उपचाराचा (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), ऑनलाइन कोर्स शोधायला लागतात. कोर्स करा, ज्ञान वाया जात नाही. पण त्या प्रमाणपत्रावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. नोंदणीविना काम केल्यास १९९२च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

खरी अडचण अर्जाची नाही, जागेची आहे. आजवरची रूढ वाट म्हणजे एम.ए.नंतर क्लिनिकल सायकॉलॉजीतलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल.; त्याला एम.ए.ला किमान ५५ टक्के लागत आणि प्रत्येक संस्थेत जागा मोजक्याच. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, या एम.फिल.ला २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंतच मुभा दिली होती. म्हणून आता पदवीच्या नावावर जाऊ नका. संस्था, अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशवर्ष, तिन्ही आरसीआयच्या मान्यता यादीत दिसले तरच फी भरा. गोव्याच्या मुलांना धारवाड, मणिपाल आणि बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था त्यातल्या त्यात जवळ. दूरशिक्षणाने हे शिक्षण होत नाही, कारण रुग्णांसोबतचं देखरेखीखालचं काम हाच त्याचा गाभा. सीबीटीतलंच उदाहरण घ्या: धाप लागली की हार्ट अटॅकच आला असं मानणाऱ्या माणसाला मुद्दाम जिने चढायला लावायचे, छातीतली धडधड वाढू द्यायची आणि ती आपोआप उतरते हे त्याचं त्यालाच पाहू द्यायचं, हे पडद्यावर बघून हाताला येत नाही.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा. दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्या गुणपत्रिका, पदव्या, आधार, फोटो, सही. यात घोळ होतो तो नावाचा. दहावीला वडिलांचं नाव मधे, आधारवर नाहीच, लग्नानंतर आडनाव तिसरंच. आणि आपल्याकडे एकाच घरात आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन. हे अर्जाआधी निस्तरा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे राज्यात काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही होते. आरसीआयचा क्रमांक मिळाला म्हणजे सगळं झालं, असं समजू नका.

बांबोळीच्या मानसोपचार संस्थेसारख्या सरकारी ठिकाणी नोकरी हवी असेल तर मामलेदाराकडून १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम, अशी अट असते. ती निव्वळ कागदी नाही: घाबरलेला माणूस आपले विचार इंग्रजीत सांगत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला औषधं मात्र लिहून देता येत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं.

नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी, आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे नोंदणीनंतर चालू ठेवायच्या शिक्षणाचे, गुण जमवावे लागतात. सीबीटीच्या कार्यशाळांचा खरा उपयोग इथे. पैसे भरण्याआधी आयोजकांना एवढंच विचारा, आरसीआयची मान्यता आहे का आणि गुण किती.