गावातला सार्वजनिक मालकीचा जुना वाडा राज्य संरक्षित करायचा असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि प्रस्ताव

विदर्भातल्या कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा, दवाखाना नाहीतर ग्रामपंचायतीचं कार्यालय जुन्या वाड्यात भरतं, किंवा कालपरवापर्यंत भरत होतं. नवी इमारत झाली की वाड्याला कुलूप लागतं. दोन पावसाळ्यांत कवेलू (कौलं) सरकतात, पाणी थेट मातीच्या भिंतीत उतरतं. मग 'धोकादायक' असा शेरा पडून निर्लेखनाचा प्रस्ताव निघतो, म्हणजे इमारत दप्तरातून कमी करून पाडायला मोकळी. वाडा वाचवायचा असेल तर गावाची हालचाल या प्रस्तावाच्या आधी सुरू झाली पाहिजे. प्रस्ताव निघालाच असेल, तर मालक कार्यालयाला ताबडतोब लेखी हरकत द्या आणि तिच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

अशी वास्तू महाराष्ट्राच्या 1960 च्या प्राचीन स्मारके व पुराणवास्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियमाखाली 'राज्य संरक्षित स्मारक' म्हणून घोषित होऊ शकते. बुलढाणा जिल्ह्यातला सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, असाच राज्य संरक्षित आहे. केंद्राचा 1958 चा कायदा वेगळा. त्याला किमान 100 वर्षं जुनी आणि राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू लागते. गावातल्या वाड्यासाठी राज्याचाच रस्ता धरा. नुसतं जुनेपण मात्र इथेही पुरत नाही. वास्तूला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व आहे, हे तुम्हाला दाखवून द्यावं लागतं.

सगळ्यात आधी मालकी. बहुतेक प्रस्ताव इथेच अडकतील, म्हणून इथे घाई करू नका. 'वाडा सरकारी आहे' हे गावात सगळेच सांगतात, पण कागद काय म्हणतो? नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा मालगुजारीचा मुलूख, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या मालगुजार जमीनदारांचा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि 1951 पासून मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. पण त्याच कायद्याने गावठाणातली राहती घरं आणि आवारं मालगुजारांकडेच ठेवली. त्यामुळे मालगुजारी संपली म्हणून वाडा आपोआप सरकारचा झाला, असं धरून चालू नका. पुढे कुटुंबाने तो शाळेला किंवा दवाखान्याला दिला असेल तर दानपत्र, बक्षीसपत्र किंवा खरेदीखत कुठेतरी असायला हवं. दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या नोंदींचा शोध अर्ज करा. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळकडे, पद्धत रयतवारीची होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत. तिथले वाडे बहुधा देशमुख-देशपांड्यांचे, त्यामुळे कागदही वेगळ्या नावांनी सापडतील.

वाडा गावठाणात असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नकाशा घ्या. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 जोडा, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पूर्व विदर्भात बंदोबस्ताची मिसल (जुन्या जमीन मोजणी-आकारणीचं दप्तर), निस्तारपत्रक (गावाच्या सामायिक हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-वहिवाटींची नोंद) पाहिल्याशिवाय शोध थांबवू नका. वाड्याच्या आवारातली विहीर, देऊळ किंवा गावाची वहिवाट कधीकधी तिथेच नोंदलेली असते. मालकीवर वारसांचा दावा असेल तर आधी त्यांच्याशी बसून बोला. ज्यांच्या पूर्वजांनी घर गावाला दिलं, ती माणसं बहुधा तुमच्या बाजूने उभी राहतात, आणि जुने फोटो, पत्रं, बांधकामाचे हिशेबही त्यांच्याकडेच असतात.

मग ग्रामसभा. विषय नोटिशीत स्पष्ट लिहून घ्या, 'आयत्या वेळचे विषय' यात ढकलू देऊ नका. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. तहकूब सभेतही ठराव होतो, पण या कामाला भरल्या सभेचा ठराव हवा. ठरावात मिळकत क्रमांक, चतुःसीमा, वाड्याचं महत्त्व आणि 'पाडू नये, संरक्षित करावा' ही मागणी असू द्या. मालक जिल्हा परिषद असेल तर तिचं ना-हरकत पत्र वेगळं लागेल, महसूल विभाग असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागेल.

प्रस्ताव कोणीही नागरिक पाठवू शकतो. मात्र ग्रामपंचायतीच्या जावक क्रमांकाने गेलेल्या कागदाला वजन असतं. साध्या कागदावर सविस्तर लिहा: वाडा कोणी, साधारण कधी बांधला, कशासाठी वापरला गेला, आज काय अवस्था आहे. सोबत मालकीचे उतारे, नकाशा, ठराव, ना-हरकत पत्र, जुन्या जिल्हा गॅझेटिअरमधला उल्लेख असल्यास त्याची प्रत, आणि फोटो. फोटो नुसते दर्शनी भागाचे नकोत. सागवानी खांबाचं कोरीव काम, तुळईचं टोक, जोत्याचा दगड, देवळी, दाराची कडी, भिंतीचा तडा, सगळं जवळून घ्या आणि प्रत्येकाखाली जागा लिहा. विदर्भासाठी हा प्रस्ताव नागपूरच्या सहायक संचालक, पुरातत्त्व यांच्याकडे द्या. एक प्रत मुंबईच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना.

पाहणीनंतर शासनाला पटलं तर आधी प्राथमिक अधिसूचना निघते. तिची प्रत वाड्याजवळ ठळक जागी लावतात आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना. या दोन महिन्यांत गावात एक भीती हमखास पसरते: 'शेजारी घर बांधता येणार नाही.' 100 मीटरपर्यंत बांधकाम बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम, हा नियम केंद्र संरक्षित स्मारकांचा आहे. तुमच्या वाड्याभोवती नेमकं काय लागू होईल ते नागपूर कार्यालयाकडून लेखी घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. शेजाऱ्यांना अंधारात ठेवून वाडा वाचत नाही.

तोवर वाडा उभा राहिला पाहिजे. मिरगाच्या आधी मालकाची परवानगी घेऊन कवेलू फेरून घ्या, पन्हाळी मोकळ्या करा, भिंतीला चिकटून उगवलेली पिंपळाची रोपटी काढा, वाळवी पाहा. मात्र मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कोणालाही करू देऊ नका. जमिनीतून चढलेली ओल सिमेंटमागे कोंडते, वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत माती भुसभुशीत होऊन गिलाव्यासकट ढासळते. डागडुजी चुन्यातच करा, चुना मळणारे जुने गवंडी शोधा. अंतिम अधिसूचना निघाल्यावर मात्र संचालनालयाच्या परवानगीशिवाय कशालाही हात लावता येत नाही, चांगल्या हेतूनेसुद्धा.

लोकवर्गणी गोळा करायची तर ग्रामपंचायतीच्या पावतीने करा, किंवा किमान सात जणांची संस्था 1860 च्या कायद्याखाली नोंदवून तिच्या खात्यात. स्मारक संरक्षित झालं की 'महाराष्ट्र वैभव' या संगोपन योजनेतून ते देखभालीसाठी मागता येतं.

प्रस्ताव दिल्यावर उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांत. आवक क्रमांक व तारीख देऊन 'या प्रस्तावावरील टिपणीची व स्थळ पाहणी अहवालाची प्रत द्यावी' एवढंच मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.