पस्तीस दिवस कुठून आले: व्यसनमुक्तीच्या निवासी उपचाराची पार्श्वभूमी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात गर्दने (ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइनने) पाय रोवले, तेव्हा घरच्यांपुढे दोनच दारं होती: पोलीस ठाणं किंवा मनोरुग्णालय. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा भर शिक्षेवर होता. मनोरुग्णालयं १९१२च्या कायद्यानुसार चालत आणि तिथल्या दाखल्यात दंडाधिकाऱ्याच्या हुकमाला मोठं वजन असे.

येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि गर्दवर लेखन करणारे अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. बरे झालेले रुग्णमित्रच पुढे समुपदेशक होतात, ही इथली पद्धत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते.

इथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. एवढे दिवस का? गर्दची टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, शेवटच्या झुरक्यानंतर ८ ते १२ तासांत सुरू होते. नाक-डोळे गळतात, हाडं ठणकतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते आणि आठवडाभरात ओसरते. दारूचं वेगळं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून पिणाऱ्याला एकदम कोंडून ठेवणं धोक्याचं. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व ब१) द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होण्याची भीती असते. पण हा सगळा पहिला आठवडा शरीराचा झाला. सवय, राग, घरातले ताण यांवरचं गटातलं बोलणं खरं त्यानंतर सुरू होतं. आठव्या दिवशी 'आता बरा दिसतो' म्हणून घरी नेलेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा व्यसनाकडेच वळतो.

माणसाला ठेवतात कसं, हाही प्रश्न तितकाच मोठा. तमिळनाडूतल्या एरवडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडात बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी घातली. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही याच कायद्याच्या व्याख्येत आले. त्यामुळे असे रुग्ण दाखल करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्याला त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं, पण सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच आणि तपासणीनंतरच. तरीही रात्री गाडी पाठवून 'उचलून नेणारी' केंद्रं अजून आहेत. घरच्यांनी आधी नोंदणी प्रमाणपत्र मागावं आणि डॉक्टर कोण, किती वेळा येतात, हे विचारावं.

केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक. नशेची मात्रा पेलण्याची शरीराची ताकद घटलेली असते, आणि जुन्याच मात्रेत गर्द घेतली तर श्वास थांबू शकतो. पाठपुराव्याची पहिली तारीख म्हणूनच केंद्र सोडण्याआधी कागदावर लिहून घ्यावी.