नॅशनल लॅक्रॉस लीग, २०२१-२२ हंगाम

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ. नॅशनल लॅक्रॉस लीग ही अमेरिका आणि कॅनडातील बंदिस्त, म्हणजे सभागृहातल्या लॅक्रॉसची व्यावसायिक स्पर्धा आहे. तिचा २०२१-२२ चा हंगाम डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला सुरू झाला आणि १८ जून २०२२ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात संपला. कोलोरॅडो मॅमथने बफेलो बँडिट्सला तीन सामन्यांच्या अंतिम फेरीत २-१ असे हरवून करंडक जिंकला. त्याआधी पावणेदोन वर्षे या लीगचा एकही सामना झाला नव्हता. करोनामुळे मार्च २०२० मध्ये हंगाम अर्ध्यावर थांबला, त्या वर्षी विजेता ठरलाच नाही आणि २०२१ चा हंगाम तर झालाच नाही.

बंदिस्त लॅक्रॉस, म्हणजेच बॉक्स लॅक्रॉस, हा प्रकार १९३० च्या सुमारास कॅनडात रूढ झाला. उन्हाळ्यात आइस हॉकीची सभागृहे ओस पडत, ती भरण्यासाठी मालकांनी मैदानावरचा हा जुना खेळ आत आणला. गंमत अशी की आजची व्यावसायिक लीग मात्र ऐन हिवाळ्यात, हॉकीच्याच हंगामात खेळली जाते. बर्फावर आच्छादन घालून वर कृत्रिम हिरवळ अंथरतात. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक, पंधरा मिनिटांचे चार भाग आणि चेंडू मिळाल्यापासून तीस सेकंदांत गोलवर मारा करण्याचे बंधन. भोवतीच्या फळ्यांवर आपटून चेंडू परत खेळात येतो, त्यामुळे उसंत अशी मिळतच नाही. खेळ चालू असतानाही सभागृहात मोठ्या आवाजात संगीत वाजत राहते. गोल जेमतेम पावणेपाच फूट रुंद आणि चार फूट उंच. त्यापुढे खांद्यापासून घोट्यापर्यंत जाड गाद्यांनी मढलेला गोलरक्षक उभा राहिला की मागची जाळी दिसेनाशी होते. चेंडू आत जाण्याच्या फटी मनगटाएवढ्या उरतात आणि नेमबाजाला तेवढ्यावरच भागवावे लागते. हा हंगाम समजून घेताना गोलची ही चौकट डोळ्यांसमोर असायला हवी, कारण त्याचा निकाल अखेर तिथेच लागला.

मूळ खेळ उत्तर अमेरिकेतील हॉडेनोशोनी (इरोक्वॉइ) आणि इतर आदिवासी राष्ट्रांचा. हॉडेनोशोनी त्याला सृष्टिकर्त्याचा खेळ मानतात. लीगमधील संघांची बफेलो आणि रॉचेस्टर ही शहरे त्यांच्याच पूर्वापार भूमीत आहेत. या हंगामात बँडिट्सकडून पदार्पण करणारा तेहोका नँटिकोक कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील सिक्स नेशन्स या हॉडेनोशोनी वसाहतीतला. लीगच्या इतिहासात या समाजाच्या खेळाडूंचा वाटा फार मोठा आहे आणि कोणत्याही हंगामाच्या नोंदीत तो आलाच पाहिजे.

या वेळी चौदा संघ उतरले, नऊ अमेरिकेतील आणि पाच कॅनडातील. टेक्सासमधील फोर्ट वर्थचा पँथर सिटी हा नवा संघ होता. तो एकूण तीनच हंगाम टिकला. कनेक्टिकटमधील न्यू इंग्लंड ब्लॅक वुल्व्ह्ज हा संघ आल्बनीला जाऊन फायरवुल्व्ह्ज झाला. टोरांटो रॉकने नाव तेच ठेवून मुक्काम हॅमिल्टनला हलवला. साखळीत प्रत्येक संघाला अठरा सामने होते. ओमायक्रॉनच्या लाटेत काही सामने पुढे ढकलावे लागले.

सामने बहुतेक शनिवार-रविवारच्या आसपासच होतात आणि त्याचे कारण साधे आहे. या लीगमधील बहुसंख्य खेळाडू पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी करतात. कोणी शिक्षक, कोणी अग्निशमन दलात. शुक्रवारी विमान पकडायचे, सामना खेळायचा आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचे. अशांना पावणेदोन वर्षांची खोटी किती महागात पडली असेल हे सांगायला नको. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी संघांनी निवडलेले नवखे याच हंगामात एकदम मैदानात आले. त्यांपैकी न्यूयॉर्क रिपटाइडचा जेफ टीट सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला.

साखळीवर बँडिट्सचे वर्चस्व होते : चौदा विजय, चार पराभव. त्यांचा डेन स्मिथ हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याने ४१ गोल केले आणि ९४ गोलांना साहाय्य दिले. साहाय्याचा हा तेव्हाचा विक्रम होता. आकडा नीट पाहिला तर त्याच्या खेळाची जात कळते. स्वतः मारण्यापेक्षा बचावाला आपल्याकडे ओढून मोकळ्या साथीदाराकडे चेंडू सोडणे हे त्याचे खरे कसब. मॅमथची साखळीतील कामगिरी मात्र बेताची होती. उपांत्य फेरीत सॅन डिएगो सील्सला त्यांनी तिसऱ्या सामन्यापर्यंत झुंजून हरवले, तर बँडिट्सने टोरांटोला दोन सामन्यांतच गुंडाळले.

अंतिम लढतीला जुना संदर्भ होता. २००६ मध्ये याच मॅमथने बफेलोतच बँडिट्सला १६-९ असे हरवून आपला पहिला करंडक जिंकला होता. तेव्हा बँडिट्सकडून खेळलेला जॉन टव्हारेस आता त्यांचा प्रशिक्षक होता, आणि मॅमथचा तेव्हाचा बचावपटू पॅट कॉइल आता मॅमथचा. टव्हारेस हा लीगमधील थोर गोल करणाऱ्यांपैकी एक. खेळत असताना तो शाळेत गणित शिकवायचा.

पहिला सामना बफेलोने १५-१४ असा जेमतेम घेतला. आपल्या घरी, डेन्व्हरमध्ये मॅमथने ११-८ अशी परतफेड केली. निर्णायक सामना बफेलोच्या घरच्या प्रेक्षकांसमोर झाला आणि मॅमथने तो १०-८ असा जिंकला. पहिल्या सामन्यात पंधरा गोल करणाऱ्या बँडिट्सना पुढच्या दोन्ही सामन्यांत आठाच्या वर जाता आले नाही. मॅमथचा गोलरक्षक डिलन वॉर्ड अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि तो मान त्याचाच होता.

पुढच्या वर्षी हेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत भिडले. पुन्हा एकेक विजय, पुन्हा तिसरा सामना बफेलोत. ३ जून २०२३ च्या त्या सामन्यात बँडिट्स १३-४ असे जिंकले आणि २००८ नंतर पहिल्यांदा करंडक बफेलोत आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मुंबईतील अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटसोबत लॅक्रॉसलाही मान्यता मिळाली. तिथे खुल्या मैदानावर सहा-सहा जणांचा प्रकार खेळला जाणार आहे, मात्र मारा करण्याची मुदत बंदिस्त खेळातलीच : तीस सेकंद.